चिपमधली चूक कोण दुरुस्त करतं, आणि ती दुरुस्ती भामरागडपर्यंत पोचते का?

सरकारी ॲप अडकलं की आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उत्तरं ठरलेली असतात. नेटवर्क नाही. सर्व्हर डाऊन आहे. आणि तिसरं, जे आढावा बैठकीत हमखास निघतं: "ताईंना वापरता येत नाही."

पहिली दोन बहुतेकदा खरी असतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथं नेटवर्कचं काय घेऊन बसलात. पण तिसरं उत्तर ऐकलं की माझं डोकं तापतं. यंत्र चुकत नाही, माणूसच चुकतो, असं गृहीत धरून ते दिलेलं असतं. यंत्र चुकतं. यंत्राचा मेंदू म्हणजे प्रोसेसरची चिप कारखान्यातूनच चुका घेऊन येते, आणि हे ती बनवणाऱ्या कंपन्या स्वतः छापून सांगतात. आज त्याबद्दल लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा. आपल्या आशा, अंगणवाडी ताई, रोजगार सेवक आणि वनरक्षकांच्या हातातल्या फोनचा हा प्रश्न आहे.

मी काही इंजिनिअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. त्यामुळे सोप्या भाषेतच सांगणार, कारण मलाही ते तसंच समजून घ्यावं लागलं.

सुरुवात जुन्या गोष्टीनं करू. मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर काढा आणि ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागा. उत्तर १.३३३८२ च्या आसपास येईल. १९९४ मध्ये इंटेलच्या नव्याकोऱ्या पेंटियम चिपवर हाच भागाकार केला तर उत्तर १.३३३७३ यायचं. चौथ्या दशांशातच चूक! अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या आकडेमोडीत काहीतरी जुळत नाही असं दिसलं. त्यांनी महिनोन् महिने एकेक शक्यता बाजूला काढली आणि शेवटी दोष चिपवर येऊन थांबला. भागाकारासाठी चिपमध्ये एक तक्ता कोरलेला असतो, त्यातले पाच आकडे राहून गेले होते. हजाराहून जास्त नोंदींत फक्त पाच.

कंपनीचं पहिलं उत्तर काय होतं माहितेय? सर्वसाधारण माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, त्यामुळे ज्याला खरी गरज आहे त्यालाच चिप बदलून देऊ. म्हणजे गरज आहे हे तुम्ही सिद्ध करा. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडच्या कुठल्याही खिडकीवर मिळणारं उत्तर आहे हे. ओरड एवढी झाली की डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीला मागेल त्याला चिप बदलून देणं भाग पडलं. त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशोबात दाखवावा लागला.

पण खरी गंमत मधल्या काळातली आहे. चिप बदलून येईपर्यंत जगानं काय केलं? काही गणितज्ञ आणि प्रोग्रामर एकत्र बसले आणि त्यांनी चुकीला वळसा घालणारी युक्ती काढली. ज्या संख्येनं भागायचं ती धोक्याच्या गटातली आहे का ते आधी बघायचं. असेल तर वरच्या आणि खालच्या दोन्ही संख्यांना १५/१६ नं गुणायचं. भागाकार बदलत नाही, पण चिपचा तो फुटका तक्ता टळतो. ही युक्ती प्रत्येक प्रोग्रामरनं हातानं लिहायची नव्हती. ती कंपायलरमध्ये घातली गेली. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये त्यासाठी वेगळा पर्यायच होता.

कंपायलर म्हणजे काय? माणूस प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितो, चिपला ती भाषा कळत नाही. मधला अनुवादक तो कंपायलर. आणि कंपायलरनं अनुवाद केलेले तुकडे जोडून, कुठला तुकडा मेमरीत कुठल्या जागी बसेल हे ठरवणारा तो लिंकर. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. बातमीदार बातमी लिहितो, उपसंपादक तिचं भाषांतर आणि दुरुस्ती करतो, आणि पान लावणारा ठरवतो की कुठली ओळ पानावर नेमकी कुठे येईल. लिंकर म्हणजे हा पान लावणारा. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या खिशातल्या फोनवर येतो.

२०१२ मध्ये ब्रिटनच्या आर्म कंपनीनं कॉर्टेक्स-ए५३ नावाचा प्रोसेसर जाहीर केला. स्वस्त, कमी बॅटरी खाणारा. पुढची पाच-सात वर्षं स्वस्त अँड्रॉइड फोन म्हणजे बहुतेक हाच. २०१७ साली चंद्रपूर, बल्लारपूर, देसाईगंजच्या मोबाईल दुकानांत जे फोन धडाधड विकले जात होते ते आठवा: रेडमी ४ए, रेडमी ५ए, रेडमी नोट ४. पहिल्या दोघांत चार-चार ए५३ आहेत, नोट ४ मध्ये तर आठ. यातले कितीतरी फोन आजही चालू आहेत. घरातल्या मोठ्यानं नवीन घेतला की जुना पोराकडे, पोराकडून आजीकडे, असा प्रवास असतो.

या ए५३ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक चूक निघाली. तिला नाव नाही, नंबर आहे: ८४३४१९. ही चूक एवढी विचित्र आहे की सविस्तर सांगण्याचा मोह आवरत नाही.

मेमरी पानांत वाटलेली असते. एक पान ४ किलोबाइटचं, त्यात चिपला दिलेल्या १०२४ सूचना बसतात. समजा, १०२४ ओळींचं वर्तमानपत्राचं पान. एका विशिष्ट प्रकारची सूचना असते, जी माहिती कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता काढते. ही सूचना पानाच्या नेमक्या शेवटच्या दोन ओळींपैकी एकीवर आली आणि तिच्यामागच्या दोन-तीन सूचनाही ठराविक प्रकारच्या असल्या, तर चिप चुकीचा पत्ता काढू शकते. हीच सूचना १०२२ व्या ओळीवर असली तर काही बिघडत नाही. १०२३ किंवा १०२४ वर आली की गडबड!

पत्ता चुकला की काय होतं? नशीब बरं असेल तर ॲप जागच्या जागी बंद पडतं. नशीब वाईट असेल तर चालत राहतं आणि भलत्याच जागेची माहिती वाचतं.

आता हे पकडणाऱ्याचे हाल बघा. त्यानं प्रोग्राममध्ये कुठेतरी एक ओळ वाढवली की पुढचं सगळं खाली सरकतं. ती सूचना शेवटच्या ओळीवरून हलते आणि दोष गायब. त्याला वाटतं आपण दुरुस्त केलं. पुढच्या अपडेटमध्ये दुसरीच सूचना त्या जागेवर येऊन बसते आणि दुसरंच काहीतरी बंद पडतं. कार्यालयातून सांगतात, काल तर चालत होतं, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल.

दुरुस्ती कुणी करायची? इंटेलच्या चिपला बाहेरून थोडीफार आतली दुरुस्ती पाठवता येते, तिला मायक्रोकोड म्हणतात. ए५३ मध्ये ती सोय नाही, आणि विकून झालेले कोट्यवधी फोन परत बोलावणं तर शक्यच नाही. कंपायलरलाही हे जमत नाही, कारण अनुवाद करताना कुठली ओळ पानावर कुठे येणार हे त्याला माहीतच नसतं. ते माहीत असतं फक्त पान लावणाऱ्याला. म्हणून ही दुरुस्ती लिंकरकडे आली. सगळी पानं लावून झाली की तो प्रत्येक पानाच्या तळाच्या दोन ओळी तपासतो. धोक्याची जुळणी दिसली की एकतर ती सूचना तेच काम करणाऱ्या दुसऱ्या सूचनेनं बदलतो, नाहीतर पुढची अडचणीची सूचना उचलून दुसरीकडे ठेवतो आणि मूळ जागी "तिकडे जा" एवढंच लिहितो. पहिल्या पानावर बातमी मावली नाही की आपण "उर्वरित पान ४ वर" टाकतो ना, अगदी तसं. फोन वापरणाऱ्याला कधी कळतसुद्धा नाही.

त्याच चिपमध्ये ८३५७६९ नंबरची आणखी एक चूक आहे, गुणाकार-बेरजेची. तिथं दोन सूचना एकमेकींना चिकटून आल्या की घोटाळा, म्हणून मध्ये एक रिकामी, काहीच न करणारी सूचना घालायची. भांडणारी पोरं बाकावर वेगळी बसवायची, एवढंच.

२०१५ पर्यंत या दोन्ही दुरुस्त्या मोफत मिळणाऱ्या जीएनयू साधनांत आल्या. ८४३४१९ चा बंदोबस्त त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यातही झाला, आणि अँड्रॉइड चालतं ते लिनक्सवरच. आज अँड्रॉइडसाठी सी किंवा सी++ मध्ये ॲप बांधणाऱ्यांच्या कंपायलरमध्ये ८४३४१९ ची तपासणी आपोआप चालू असते, मुद्दाम बंद करावी लागते. फोनमध्ये जावा ॲपचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारी अँड्रॉइडची यंत्रणा आहे, तिच्यातही हा बंदोबस्त घातलेला आहे. पुण्यात वातानुकूलित ऑफिसात ॲप बांधणाऱ्या पोराला ए५३ चं नावही माहीत नसेल, तरी एटापल्लीतल्या जुन्या फोनवर त्याचं ॲप नीट चालतं. कारण कुणीतरी अनोळखी माणसानं ती तपासणी सगळ्यांसाठी कायमची चालू करून ठेवली. सार्वजनिक काम म्हणतात ते हेच, पाणवठा बांधल्यासारखं.

प्रामाणिकपणे आणखी एक सांगतो, नाहीतर उद्या कुणी म्हणेल पत्रकारानं घाबरवलं. काही स्वस्त फोनांत चिप ६४ बिटची असली तरी अँड्रॉइड ३२ बिटचं टाकलेलं होतं, त्यात ही चूक उद्भवतच नाही. आणि जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर नावाच्या चिपमधल्या दोषांनी जगभर हाहाकार माजला, तेव्हा महागडे फोन आणि लॅपटॉप अडकले, आपला गरीब ए५३ सुटला. पुढे काय येणार याचा अंदाज बांधून आधीच काम करून ठेवायची हुशारी महागड्या चिपमध्ये असते. ए५३ तेवढा हुशारच नव्हता. तेव्हाही एक मोठी दुरुस्ती कंपायलरमार्फतच आली. गूगलच्या पॉल टर्नर यांनी काढलेली युक्ती जीसीसी कंपायलरच्या २५ जानेवारी २०१८ च्या आवृत्तीत होती. बातमी फुटल्यापासून महिन्याच्या आत! अर्थात प्रोग्राम थोडे मंदावले. वळशाच्या रस्त्यानं गेलं की पेट्रोल जास्त लागणारच.

आता मुद्द्यावर येतो.

या सगळ्या दुरुस्त्यांना एक अट आहे. प्रोग्राम नव्यानं बांधला गेला पाहिजे. कंपायलर सुधारला म्हणून आधी बांधलेलं ॲप आपोआप सुधारत नाही. मूळ सोर्स कोड हवा, तो नव्या साधनांनी पुन्हा बांधायला माणूस हवा, आणि बांधलेलं फोनपर्यंत पोचलं पाहिजे. या तीन कड्यांतली एक जरी तुटली तरी जगातली सगळ्यात हुशार दुरुस्ती आपल्या जंगलात शून्य किमतीची.

आणि आपल्याकडे तिन्ही कड्या कच्च्या आहेत.

ऑगस्ट २०२१ आठवा. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत केले. २ जीबी रॅमचे फोन, ॲप चालत नव्हतं, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या गळ्यात, वर पोषण ट्रॅकर इंग्रजीत. तेव्हा चर्चा रॅमची आणि भाषेची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण हा फोन किती वर्षं अपडेट घेणार, त्यातली चिप कुठली, तिचे माहीत असलेले दोष कुठले, आणि फोनच्या आतली सिस्टीम कंपनी किती काळ नव्यानं बांधून देणार, हा प्रश्न त्या गदारोळात मला कुठेच ऐकू आला नाही. खरेदीच्या कागदावर स्क्रीन किती इंच, कॅमेरा किती मेगापिक्सेल हे असतं. रस्त्याच्या कंत्राटात दोषदायित्व कालावधी असतो, खड्डा पडला तर ठेकेदारानं अमुक वर्षं भरायचा. फोनच्या कंत्राटात असं कलम का नको?

१ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर हजेरी ॲपवरून घेणं सक्तीचं झालं, दिवसातून दोनदा फोटोसकट. ताडोबात वनरक्षक गस्तीची नोंद एम-स्ट्राइप्स ॲपवर करतात. रेशन दुकानात ई-पॉस मशीन आहे. महावितरणचे स्मार्ट मीटर आले, त्यातही चिप आणि प्रोग्राम आहेच. म्हणजे मजुराची हजेरी, पोराचं वजन, घरचं धान्य आणि विजेचं बिल, सगळं कुठल्या ना कुठल्या चिपच्या हिशोबावर उभं आहे. मी असं अजिबात म्हणत नाही की ही ॲप चिपच्या दोषामुळे अडकतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं, टॉवर किंवा सर्व्हर. माझं म्हणणं एवढंच की चूक यंत्रात असू शकते ही शक्यताच आपल्या यंत्रणेच्या कागदावर नाही. तक्रारीच्या अर्जात तसा रकानाच नाही. मग साखळीत सगळ्यात खाली जो उभा आहे, त्याच्या माथी खापर. बहुतेकदा ती एखादी बाई असते, मानधनावर काम करणारी.

"हे फार वरच्या पातळीचं, आपल्याकडे कोण करणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसी कंपायलरच्या आतल्या रचनेवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यासाठी तिथं खास केंद्र चालवलं, बाहेरच्यांसाठी कार्यशाळा घेतल्या. पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं जपानच्या रेनेसास कंपनीच्या चिपसाठी जीएनयूचे कंपायलर आणि लिंकर अनेक वर्षं तयार करून मोफत दिले. म्हणजे महाराष्ट्राला हे काम नवं नाही. चंद्रपूरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथल्या पोट्ट्यांना शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून दरवर्षी तेच तेच लायब्ररी मॅनेजमेंट करायला लावण्यापेक्षा जिल्ह्यातल्या सरकारी फोनांचा हिशोब काढायला लावा ना. कुठल्या विभागाकडे कुठलं मॉडेल, आत कुठली चिप, शेवटचं अपडेट कधीचं. एवढं एका सत्रात होईल. त्यासाठी आयआयटीत जायची गरज नाही.

आणखी एक. सध्या देशात चिप बनवण्याचा मोठा उत्साह आहे. आयआयटी मद्रासची शक्ती, सी-डॅकची वेगा, हे आपले प्रोसेसर आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण इंटेल आणि आर्म आपल्या चिपच्या चुकांची यादी जाहीर छापतात, कंपन्या तिला एराटा म्हणतात, आम्ही शुद्धिपत्र म्हणतो. प्रत्येक चुकीला नंबर, कुठल्या आवृत्तीत आहे, वळसा कसा घालायचा, सगळं असतं. उद्या सरकारी यंत्रांत देशी चिप बसेल, तेव्हा तिचंही शुद्धिपत्र तितकंच उघड हवं. चुका छापल्या की चिपची बदनामी होते असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत आठवडाभर बसावं. ज्या पेपरात कधीच शुद्धिपत्र येत नाही, त्यात चुका नसतात असं थोडंच आहे?

जिल्हा नियोजन समितीत आणि जिल्हा परिषदेत बसणाऱ्यांना माझी मागणी साधी आहे. पुढच्या वेळी फोन, टॅब, मशीन काहीही घ्याल तेव्हा किमान पाच वर्षं अपडेट देण्याचं बंधन करारात घाला. चिपचं नाव आणि आवृत्ती लिहून घ्या. ॲपचा सोर्स कोड सरकारच्या ताब्यात ठेवा, म्हणजे ठेकेदार बदलला तरी ॲप पुन्हा बांधता येईल. अपडेट भरण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी एक वायफायची जागा ठेवा, कारण कोरची-भामरागडच्या नेटवर्कवर एक जीबीचं अपडेट उतरवणं म्हणजे पावसाळा संपायची वाट बघणं. आणि तक्रार अर्जात एक रकाना वाढवा: दोष उपकरणात असण्याची शक्यता तपासली का? होय किंवा नाही, खाली सही.

आता तुमच्याकडून एक हवं आहे. ज्यांच्याकडे सरकारी कामाचा फोन आहे त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन "फोनबद्दल" उघडा, तिथं अँड्रॉइड आवृत्तीखाली सुरक्षा अपडेटची तारीख दिसेल. ती तारीख, फोनचं मॉडेल आणि तालुका कमेंटमध्ये टाका. नाव, गाव, पद काही लिहू नका, उगाच कुणाला नोटीस यायला नको. कमेंट नको वाटत असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा. पंधरा दिवसांत तालुकावार यादी करून ती दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत निवेदनासोबत देणार आहे. पोच मिळाली की तिचा फोटो इथंच टाकतो.